वीतभर खोकला

अंगणात वाळवणं पडली की मला माझाच राग येऊ लागतो. गावाला या दिवसांत बाकी काय काय सुचतं. आरोंद्यात मे महिना म्हणजे मुंबईची माणसं, फणसाचे गरे, झाडाखाली कुजणाऱ्या काजूबोंडांचा आंबूस वास आणि दुपारी खाडीवरून सुटणारं खारट वारं. माणसं तो वास छातीत भरून घेतात आणि स्वर्ग, स्वर्ग म्हणत फिरतात. मी शाळेचा मास्तर, मला महिनाभर सुट्टी. एवढा मोकळा वेळ मला कुणी देऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. माझ्या हातून जे जे वाईट झालं, त्यातलं बरंचसं सुट्टीत झालंय.

बायको सकाळीच रातांबे फोडायला बसते. बिया एकीकडे, सालं एकीकडे. सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, काळी कोकमं होईपर्यंत. बाजूच्या चटईवर सांडगे. आणि या सगळ्यावर, दोन माडांच्या मध्ये, एक सुंभाची दोरी. त्या दोरीला तपकिरी, चकचकीत फिती बांधलेल्या आहेत. वारा आला की त्या फडफडतात, उन्हात चमकतात, आणि कावळे लांब कौलावर बसून राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका आमच्या हिच्या अकलेचं कौतुक करतात. मी ओटीवर पेपर वाचत असतो. वाचत नसतो, धरून बसलेला असतो.

आमचा एक बँड होता. तीन माणसांचा बँड म्हणायला तुम्हाला हसू येईल, पण गावात आम्हाला तोरा भारी होता. मिंगेल गिटार वाजवायचा. मी देवळातल्या भजनात पखवाज बडवणारा, तो बोंगोवर आलो. मालवणीत गाणी जुळवायचंही काम माझंच, कारण मास्तर म्हणजे त्याला लिहिता येणारच, अशी लोकांची समजूत. आणि गायचा इनास. गोवा मोकळा झाला, आरोंद्याच्या तरीवरची, होडीच्या धक्क्यावरची, पोलिसांची झडती बंद झाली, आणि आम्ही पलीकडच्या लग्नांत जाऊ लागलो. पांढरे शर्ट, तेल लावून मागे फिरवलेले केस. इनासच्या शर्टाची कॉलर नेहमी इतरांपेक्षा जास्त कडक असायची. त्याची माय, फिलूमाय, भाताच्या पेजेत बुडवून ती इस्त्री करायची.

इनासचा आवाज चांगला होता, एवढं म्हणून मी थांबतो. मेलेल्या माणसाच्या आवाजाला फुलं वाहणारे गावात पुष्कळ आहेत. मेच्या संध्याकाळी वाड्यावाड्यांच्या खुरसासमोर लादीन असते. रस्त्याकडेचा तो पांढरा क्रूस अबोलीच्या वळेसरांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात, एकजण प्रार्थना सांगतो आणि बाकीचे मागून म्हणतात. शेवटी ज्याच्या घरची लादीन, तो उकडलेले चणे वाटतो. ती सांगायचं काम इनासचं. मी हिंदू, मला त्यातला एक शब्द कळत नसे, पण मी चण्यांच्या निमित्तानं जायचो आणि चणे न घेता परत यायचो. त्याच्याबद्दल मला जे वाटायचं त्याला मी तेव्हा मैत्री म्हणायचो. आज नीट बघतो तेव्हा त्यात निम्म्याहून अधिक मत्सर दिसतो. शब्द माझे, आणि टाळ्या त्याला.

मिंगेलचा थोरला भाऊ बोटीवर होता. त्यानं एकदा येताना टेपरेकॉर्डर आणला. सेलवर चालणारा, जेवणाच्या डब्याएवढा. गावात त्याला सगळे पेटी म्हणायचे. मिंगेलच्या घरात पोरांचा सुळसुळाट, म्हणून पेटी माझ्याकडे ठेवायला आली. सोबत दोन रिळं होती. एकावर परदेशातल्या कुठल्याशा नाचाच्या बँडची गाणी भरलेली होती, दुसरं कोरं. कोऱ्यावर आम्ही इनासची आठ गाणी भरली. होडीचं गाणं त्यातलंच. तरीवर एक बाई पलीकडे जायला होडीची वाट बघते आणि होडी काही येत नाही, असं काहीतरी मी लिहिलं होतं. इनासनं ते असं म्हटलं की माझं मलाच ते खरं वाटलं. कुठलं गाणं कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते सापडावं म्हणून मी शाळेच्या एकरेघी वहीचे कागद कापून रिळाच्या वेढ्यांत बारीक चिठ्ठ्या खोचल्या. माझी शिस्त. त्या चिठ्ठ्यांनीच पुढे घात केला.

खोकला त्याला तेव्हापासूनच होता. दोन गाण्यांच्या मध्ये तो तोंडावर रुमाल धरून खोकायचा, मग पाणी मागायचा, मग एक-दोन-तीन-चार म्हणून पुढचं गाणं धरायचा. मी त्यावर विनोद करायचो. मी चांगले विनोद करतो. पोरं वर्गात माझ्या विनोदांना हसतात, अर्थात छडी माझ्याच हातात असते.

त्या वर्षीच्या मे महिन्यात शिरोड्याला एका लग्नात तो होडीच्या गाण्याच्या मध्येच खोकू लागला आणि थांबेना. माणसं नाचता नाचता उभी राहिली. मिंगेलनं गिटारवर काहीतरी ओढून वेळ मारून नेली असती. मी माइक ओढून घेतला आणि म्हणालो की होडीत बसलेल्या बाईंका थंडी वाजली, आता इंजीन सुरू होता. मांडव हसला. नवरीसुद्धा हसली. इनासही हसला, रुमालाआडून. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि फिलूमायच्या समोरच त्याला सांगितलं, काही दिवस विश्रांती घे. विश्रांती हा शब्द मी फार काळजीनं निवडला होता. मोसमाची पंधरा लग्नं अजून बाकी होती. फिलूमाय म्हणाली, मास्तरांका माज्या झिलाची काळजी आसा. तिनं मला खोबऱ्याची वडी दिली आणि मी ती खाल्ली.

आम्ही खाडीपलीकडचा आल्बर्ट घेतला. गोरा, उंच, आवाज घोटलेला. त्यानंच सुचवलं की पेटीवर त्याची गाणी भरून पलीकडच्या लोकांना ऐकवली, तर पुढच्या मोसमाची लग्नं आत्ताच ठरतील. कोरं रीळ नव्हतं. एक इनासचं, एक परदेशी. आता हे मी सरळच लिहितो. मी इनासचं घेतलं. परदेशी बँड मला फार आवडायचा. त्यातला ढोल वाजवणारा कोण, कुठला, मला ठाऊक नाही, पण मी रोज दुपारी त्याच्यासोबत मांडीवर ठेका धरायचो. आणि इनास तर काय, गावातलाच होता. हाक मारली की आला असता. जुना पाठ पुसल्याशिवाय पाटीवर नवा लिहीत नाहीत, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. वीस वर्षं पाट्या पुसून हाताला सवय झाली होती. आल्बर्टही तीच आठ गाणी म्हणणार होता. मग मी माझ्या चिठ्ठ्या बघून, जिथे इनासचं गाणं सुरू होत होतं तिथे आल्बर्टचं सुरू केलं, जिथे संपत होतं तिथे संपवलं. काम इतकं साफ झालं की मी स्वतःवर खूश झालो. मिंगेलला वाटलं मी त्याच्या भावाकडून तिसरं रीळ मागवलंय. मी त्याला तसं वाटू दिलं.

श्रावणात इनास आमच्याकडे आला. आवाज पार बसला होता, बोलला की शेवटचा शब्द हवेतच राहायचा. म्हणाला, मास्तरानु, माजी गाणी वायच लावा मरे. मी म्हणालो, सेल संपलेत रे. तो ओटीवर थोडा बसला आणि गेला. पंधरा दिवसांनी परत आला. मी म्हणालो, सेल आणायला सावंतवाडीला जायचं राहूनच गेलं बघ. भाद्रपदात तो तिसऱ्यांदा आला तेव्हा पाऊस होता. कुडता भिजून पाठीला चिकटला होता. त्यानं रुमाल सोडला आणि त्यातून सहा सेल माझ्या समोर मांडले.

"सेल मी हाडलंय," तो म्हणाला. "आता लावा."

मला अजून वाटतं की त्या वेळी मी पेटीच बिघडलीय म्हणायला हवं होतं. खोटं बोलायची सवय होती, अजून एक बोललो असतो. पण मला राग आला. कसला, सांगता येत नाही. बहुधा तो एवढं चालत आला याचा. मी सेल घातले, रीळ चढवलं आणि बटण दाबलं. आधी त्याचा खोकला आला, मग माझा विनोद, मग त्याचं एक-दोन-तीन-चार, आणि मग आल्बर्ट. होडीचं गाणं आल्बर्टनं अगदी घोटून म्हटलं होतं. इनासनं ते पुरतं ऐकलं. दुसऱ्या गाण्याआधी पुन्हा त्याचं पाणी मागणं आलं, आणि पुन्हा आल्बर्ट. तिसऱ्याला त्यानं हात वर केला. मी पेटी बंद केली.

"बरो गाता," तो म्हणाला. आणि पायरीवर पाय ठेवून मागे वळला. "मायक सांगू नकात."

सेल त्यानं परत नेले नाहीत. मी ते पुढे वर्षभर वापरले.

लोक म्हणतात, माणूस गेला की त्याच्याशी केलेलं वाईट वागणं आठवतं. माझं तसं नाही. मला आठवतं की त्या दिवशी तो गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. मी चहा मागितला. चहाबरोबर काय खाल्लं तेही आठवतं, आदल्या दिवशीची घावनं. हे असलं तपशीलवार आठवणं ही शिक्षा असावी. पण शिक्षेनं पोरं सुधारतात यावर माझा विश्वास कधीच उडालाय.

नाताळ झाल्यावर थंडीत इनास गेला. आल्बर्ट तोवर मुंबईला पळाला होता, बँड मोडला होता. पुढच्या मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाची लादीन फिलूमायच्या घरची होती. मिंगेल माझ्याकडे आला. लादीन झाली की चणे वाटायच्या आधी इनासची गाणी कर्ण्यावर लावायची, असं त्याच्या मनात होतं. पाद्रीबाबांनी हो म्हटलं होतं. मग मास्तराचं डोकं चाललं. मी म्हणालो, ती गाणी काय, सगळ्यांनी शंभरदा ऐकलीत. आपण अशी गोष्ट ऐकवू जी कुणीच ऐकली नाही. तालमीतला इनास. गाण्याच्या आधीचा, गाण्याच्या नंतरचा. मिंगेलच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला की असं मास्तरांनाच सुचतं. दोन दिवसांत गावभर झालं की इनासचा कधी न ऐकलेला आवाज येणार.

आदल्या आठवड्यात फिलूमाय आली. ओटीवर न बसता पायरीवर बसली. इनास आजारात तिला सांगायचा म्हणे, माझा आवाज मास्तरांच्या पेटीत आहे, मी नसलो तर तिथे जाऊन ऐक. म्हणजे भाद्रपदातल्या त्या दुपारनंतरही त्यानं तिला तेच सांगितलं होतं.

"माका ता होडयेचा गाणा आयकूचा आसा," ती म्हणाली. "दुसरा कायएक नको."

मी बघतो म्हणालो.

आठ दिवस दुपारी दार लावून मी कात्री घेऊन बसलो. आल्बर्टची गाणी काढून टाकायची, मधलं इनासचं जोडायचं. जोडायला पोस्टाच्या तिकिटांच्या कडेचा गोंदाचा कागद. आठ गाण्यांच्या आधी, मध्ये आणि शेवटी मिळून नऊ फटी, एवढा इनास शिल्लक होता. त्यात होडीच्या गाण्याची अर्धी ओळ सापडली. त्यानं सूर चुकून धरला होता आणि सोडून दिला होता, म्हणून ती चिठ्ठीच्या बाहेर राहिली. मला हायसं वाटलं. अर्धी तर अर्धी. बाकी होतं ते म्हणजे एक-दोन-तीन-चार, थोडं गुणगुणणं, मिंगेलला सुतार म्हणून चिडवणं, वायच पाणी दी रे, आणि खोकला. खोकलाच खोकला. आणि प्रत्येक खोकल्यानंतर मी.

माझे विनोद मी कापले हे सांगायला नको. पण खोकलाही कापला. मयत माणसाची चारचौघांत शोभा होऊ नये, असं मला वाटलं. वहीतल्या चुका खोडून शुद्ध प्रत काढावी तसा मी इनास शुद्ध केला. एक खोकला फितीवर साधारण वीतभर भरतो. माझा विनोद हातभर. तोडलेले तुकडे सुपात साठले. आल्बर्टची गाणी गोळा करून मी न्हाणीच्या चुलीत टाकली. त्यांचा वास दोन दिवस गेला नाही. सुपातलं मात्र तसंच राहिलं.

लादिनीला गर्दी चांगली झाली. तिन्हीसांजेला मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या आणि पोरी पुन्हा लावत होत्या. प्रार्थना दुसऱ्याच कुणीतरी सांगितली. मग मी पेटीसमोर माइक धरला आणि कर्ण्यातून इनास बोलला. एक, दोन, तीन, चार. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मिंगेलला चिडवलं तेव्हा माणसं रडता रडता हसली. मिंगेल मागे जाऊन पाठ करून उभा राहिला. अर्धी ओळ आली, तुटली. शेवटी वायच पाणी दी रे, आणि संपलं. पाद्रीबाब म्हणाले, मास्तरांनी इनासला परत आणलं.

फिलूमाय चण्यांच्या टोपापाशी उभी होती. ती माझ्याजवळ आली.

"हो माजो झील न्हय," ती म्हणाली. "माजो झील खोकी. खोकलो खंय आसा?"

कुणीतरी तिला धरलं. दुःखानं बाईचं डोकं ठिकाणावर नाही, असं कुजबुजले. मिंगेल समजावत होता की माय, इनासच तो, आवाज ओळख. ती म्हणाली की शेवटचे काही महिने तो आतल्या खोलीत आणि ती चुलीपाशी, तो खोकला की तिला कळायचं तो आहे. गाण्याबद्दल तिनं विचारलं, तर मी सांगितलं की पावसात फीत ओली झाली. बरा, म्हणाली. मग तिनं सगळ्यांना चणे वाटले. मलाही दिले, इतरांपेक्षा मूठभर जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा आमच्या हिनं सुपातले तुकडे दोरीला बांधून टाकलेले होते. टाकाऊच दिसले तिला. कावळ्यांनी सांडगे नेले होते, चिडली होती. आखूड आणि लांब, खोकला आणि विनोद, सगळं सालांवर फडफडत होतं. मी सोडायला गेलो असतो, पण वाटेवरून फिलूमाय चण्यांसाठी नेलेला आमचा टोप परत द्यायला येत होती. तिच्या अंगणात बांगडे वाळत घातलेले, पावसाळ्याच्या बेगमीचे. तिनं वर पाहिलं. कावळे लांब बसलेत हे तिच्या लक्षात आलं. तिनं आमच्या हिच्याकडे चार फिती मागितल्या. ही लांब सोडू लागली, तर ती म्हणाली, लांब नको गो, लांब गुततत, आखूडच दी. हिनं सगळ्या आखूड सोडून दिल्या. दहा-बारा असतील. फिलूमायनं त्या पदरात गुंडाळल्या.

मी ओटीवर उभा होतो. त्या क्षणी बोललो असतो तर काय झालं असतं, हा हिशेब मी दर मे महिन्यात मांडतो आणि दर वेळी तो मी गप्प बसण्याकडेच येतो. तुकडे जोडून लावता आले असते. तिला हवा होता तो खोकला तिला मिळाला असता. पण त्यासाठी गाणी कुठे गेली ते सांगावं लागलं असतं, आणि मला गावात मास्तर म्हणून राहायचं होतं. माझ्यात दुष्टपणा आहे, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तो किती भित्रा आहे ते तेव्हा कळलं.

तेव्हापासून पाच मे गेले. बांगडे वाळले की फिलूमाय फिती सोडते, करवंटीला गुंडाळते आणि फळीवर ठेवते, पुढच्या मेपर्यंत. शाळेची वाट तिच्या अंगणावरून जाते, सुट्टीत मी बाजारात जातो तीही तिथूनच. वारा असला की ते फडफडणं ऐकू येतं. ती खाली बसून बांगडे उलटते, डोक्यावर तिचा झील वीत वीत लोंबत असतो, आणि ती मला विचारते, मास्तरानु, बरा मां? मी म्हणतो, बरा.

यंदा तिच्या फिती उन्हानं पांढुरक्या पडल्या आणि तुटल्या. परवा येऊन तिनं आणखी आहेत का विचारलं. आमच्या दोरीवरचे लांब तुकडे म्हणजे माझे विनोद, ते तिच्या डोक्यावर टांगायला नकोत म्हणून मी आत गेलो. माझ्याकडे दोन रिळं उरली आहेत. एक परदेशी बँडचं. एक इनासचं, जोडलेलं. मी थोडा वेळ ट्रंकेसमोर बसलो आणि पहिल्यांदाच परदेशी रिळाला कात्री लावली. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. तो ढोलवाला मला फार आवडायचा. वीत वीत मापून वीस तुकडे कापले आणि तिच्या अंगणात नेऊन स्वतः बांधून दिले. घरी येताना मला वाटलं की झालं एकदाचं, आपणही काहीतरी दिलं. दुपारी जेवणही नीट गेलं.

काल ती पुन्हा आली. पायरीवरच बसली.

"मास्तरानु, ह्येका कावळे भियत नाय," ती म्हणाली. "पयली दिलात तसली दिया."

मी बघतो म्हणालो. ट्रंक उघडून बसलोय. आत आता एकच रीळ तसलं आहे. त्यावर इनास एक-दोन-तीन-चार म्हणतो, अर्धी ओळ चुकीच्या सुरात धरतो आणि पाणी मागतो. कात्री बाजूला ठेवली आहे. पावसाला अजून दहा-बारा दिवस आहेत, आणि तिचे बांगडे ओलेच आहेत.